अर्धी पुडी साम्लीला

आमच्या विहाराच्या फाटकासमोर चिंचेचं झाड आहे. त्या झाडाखाली याय लामून सव्वीस वर्षं खाओ-ची भाजत आली आहे. चिकट भाताचा मुटका वळायचा, तळव्यात दाबून चपटा करायचा, मीठ लावायचं, काडीला टोचून निखाऱ्यावर धरायचा. वरून पापुद्रा धरला की फेटलेल्या अंड्यात बुडवायचा आणि पुन्हा निखाऱ्यावर. एवढीच कृती. गावात आणखी तीन बायका करतात, पण तिच्या हातचा जसा वरून कुरकुरीत आणि आत मऊ राहतो तसा दुसऱ्या कुणाचा राहत नाही. का, ते मला सांगता यायचं नाही. मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "ता वान, रोज दोन खाता आणि रोज विचार करत बसता. नुसते खा की!"

वान माझं नाव. म्हाताऱ्याला आमच्याकडे ता म्हणतात आणि म्हातारीला याय. आम्ही दोघंही एकमेकांना तसंच म्हणतो, नातवंडं दोघांचीही जवळ नसली तरी. मी कालव्याच्या पंपावर नोकरीला होतो. रोज सकाळी पाण्याची पातळी वहीत लिहायची, हेच माझं जन्मभराचं लिखाण. लामूनबद्दल कुणी शहाण्या माणसानं लिहावं असं मला वाटायचं. कुणी लिहिलं नाही. म्हणून मी बसलो आहे, चुकेल बरंच.

ती ठेंगणी आहे. आवाज मात्र अंगापेक्षा मोठा. भिक्खू भिक्षेला निघाले की पहिले दोन मुटके त्यांच्या पात्रात, मग शाळेच्या मास्तरणी, मग शेतावर जाणारी माणसं. प्रत्येकाला ती काहीतरी बोलणारच. कुणी उशिरा आलं तर "बायकोनं सोडलं का आज?" आणि लवकर आलं तर "बायकोनं हाकललं का?" नवरा जाऊन तिला अठरा वर्षं झाली. लेक लांब रायोंग शहरात कारखान्यात आहे, रविवारी फोन करते. घर विहाराच्या मागच्या बाजूला आणि माझ्या घराला लागून. दोन घरांच्या मध्ये केळीची रांग आहे आणि तिच्यात साम्लीनं स्वतःच्या अंगाएवढं भगदाड पाडलेलं आहे.

साम्ली म्हणजे कापूस. चौदा वर्षांपूर्वी कुणीतरी खताच्या पोत्यात चार पिल्लं घालून विहाराच्या फाटकाशी सोडली होती. आमच्या भागात नको असलेलं कुत्रं लोक विहारातच आणून सोडतात. भिक्खू उपाशी मारणार नाहीत असा हिशेब. तीन पिल्लं विहारात वाढली. चौथं, पांढरंशुभ्र, लामूनच्या शेगडीपाशी राखेत येऊन झोपलं आणि राखाडी होऊन उठलं. तिनं त्याला धुतलं, पुसलं, नाव ठेवलं, आणि तेव्हापासून तिच्या डाव्या गुडघ्याला टेकून बसणं हा त्याचा हक्क झाला. जळलेले, तुटलेले मुटके त्याचे. कुणी काडीवरचा मुटका त्याला द्यायला गेलं तर तो तिच्या तोंडाकडे बघायचा. ती "घे" म्हणाली तरच घ्यायचा.

आता गुडघ्यांचं सांगायला हवं.

शेगडी जमिनीवर आणि लामून चार बोटं उंचीच्या पाटावर. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत तशीच दुमडून बसायची. साठीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, पुढे तिला उठताना झाडाचा आधार लागायला लागला. मग तिला कुणीतरी पुडीचं सांगितलं. पुडी आमच्याकडे सगळ्यांना माहीत. प्लास्टिकच्या बोटभर पिशवीत पाच-सहा गोळ्या: एक पिवळी, एक गुलाबी, दोन पांढऱ्या, एक हिरवी. कशावर काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. लावणीच्या दिवसांत कंबर धरली की माणसं पुडी घेतात आणि तासाभरात चिखलात उतरतात. लामूननं पहिली घेतली त्या दिवशी ती झाडाला न धरता उठली आणि मला म्हणाली, "ता, वंगण घातल्यासारखं झालं बघा!"

पुड्या बाजाराच्या गावी एका दुकानात मिळायच्या. मोटारसायकलीला गाडा जोडलेली गाडी माझ्याकडे होती, म्हणून आणून द्यायचं काम माझं. दर पंधरा दिवसांनी मी पुड्यांचा झुबका आणायचो. ती खूश व्हायची. मीही खूश व्हायचो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात होता.

साम्ली बाराव्या वर्षी मागच्या पायानं लंगडायला लागला. एका पहाटे मी गेलो तर लामून पुडी फोडत होती. पिवळी, हिरवी आणि एक पांढरी तिनं स्वतः घेतली. गुलाबी आणि उरलेली पांढरी भाताच्या छोट्या गोळ्यात दाबली आणि साम्लीपुढे धरली. त्यानं जिभेनं गोळा फोडला, आतलं औषध शोधलं, ते आधी गिळलं आणि मग भात खाल्ला.

"हे काय?" मी म्हटलं.

"अर्धी त्याची, अर्धी माझी," ती म्हणाली. "त्याचे गुडघे आणि माझे गुडघे एकाच वयाचे आहेत. मी वंगण घालून घेते आणि तो तसाच करकरत बसलाय, हे बघवत नाही मला."

मला ते फार आवडलं. मी घरी येऊनही त्याबद्दलच विचार करत होतो. माणसानं असं असावं, असं मला वाटलं. पुढच्या वेळी मी न सांगता चार पुड्या जास्त आणल्या.

साम्ली आठवड्यात पळायला लागला. दीड वर्ष सगळं ठीक होतं. म्हणजे, ठीक दिसत होतं. तो पाणी फार प्यायचा, पोट सुटलं होतं, पण आम्ही म्हणायचो, म्हातारपण. लामूनचाही चेहरा गोल झाला होता, आणि बाजारात बायका म्हणायच्या, याय, लेकीच्या पैशानं अंग धरलंय!

मग साम्लीचे केस जायला लागले. आधी डोळ्यांभोवती, चष्मा घातल्यासारखे. मग पंजे. मग पाठीवर तळहाताएवढे चट्टे, लालसर, खवल्यांचे, आणि खराब तेलासारखा वास. दोन महिन्यांत अर्धं अंग उघडं पडलं.

साथियनचं मोटारसायकली दुरुस्तीचं दुकान रस्त्याच्या पलीकडे. तो जाता-येता बोलणारच. "याय, कापूस उडाला सगळा. सरकीच राहिली!"

"तुझ्या डोक्यावर काय राहिलंय ते चाचपून बघ आधी," लामून म्हणाली. साथियनला पंचवीस वर्षांपासून टक्कल आहे.

पण चेष्टा पुढे चेष्टा राहिली नाही. एका मास्तरणीनं काडी हातात घेतली, साम्लीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "याय, तेच हात याला लावता ना?" दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या नाहीत. त्यातच लामूनच्या हातावर जांभळे डाग उठले होते, कुठे नुसता धक्का लागला तरी उठायचे. लोकांनी ठरवून टाकलं की कुत्र्याची लूत म्हातारीला लागली.

तिनं साम्लीला घरामागे केळीला बांधलं. त्याची चटई जाळली. त्याच्या अंगावरचं फडकं उकळलं. स्वतःचे हात राखेनं घासघासून धुतले. तेरा वर्षं तिच्या पायाशी झोपलेलं जनावर आता दावणीला, आणि पहाटे ती शेगडी घेऊन निघाली की तो जे रडायचा ते माझ्या भिंतीतून ऐकू यायचं. भुंकणं नव्हे ते. दार कुरकुरतं तसं, लांबलचक. ती मात्र पुडीतली अर्धी त्याला रोज न चुकता द्यायची. उलट म्हणायची, आजारी आहे, त्याला जास्तच हवी.

"मी विहारात विचारलं," तिनं मला एकदा सांगितलं. "थोरले भिक्खू म्हणाले, इथं आणून ठेव, पण इतर कुत्र्यांना होईल. मग मी नाही म्हटलं. ता, तो या दावणीवर मरणार का हो?"

मी साम्लीच्या भांड्यात पाणी ओतलं.

साथियन मनानं वाईट नाही. एका दुपारी तो डबा घेऊन आला. इंजिनातून काढलेलं जुनं काळं तेल. "चोळ अंगभर. माझ्या मेव्हण्याच्या कुत्र्याला असंच बरं केलं. किडे गुदमरून मरतात."

"जळत नाही ना त्याला?"

"थोडं चुरचुरेल. औषध म्हटलं की चुरचुरणारच."

तो गेला. लामून डबा घेऊन साम्लीपाशी बसली. मी केळीच्या भगदाडातून पाहत होतो. तिनं पुढचे दोन पंजे माखले. साम्ली हलला नाही, तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तिनं फडकं खाली ठेवलं आणि रडायला लागली, आणि ती रडते म्हणून तो तिचे हात चाटायला लागला, मग स्वतःचे पंजे चाटायला लागला. तिला ते कळेपर्यंत त्यानं बरंच पोटात घातलं होतं. मी धावलो. भांडी घासायच्या साबणानं आम्ही पंजे तीनदा धुतले. पण थोड्या वेळानं तो ओकला. मग पुन्हा. मागचे पाय फताडे पडायला लागले.

"गाडी काढा," लामून म्हणाली.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरीण होती, मो पिम. डॉक्टरला मो म्हणतात. तिशीची असेल, केस रबरानं बांधलेले, पायात गमबूट. लामून गाड्यात साम्लीला मांडीवर घेऊन बसली होती, डोक्यावर छत्री. रस्ताभर ती त्याच्याशी बोलत होती आणि मला खड्ड्यांवरून शिव्या देत होती.

पिमनं आधी तेलाचं पाहिलं. सुई दिली, पाणी चढवलं. "दोनच पंजे ना? वर धुतलेत, चांगलं केलंत. अंगभर माखला असतात तर मी काही करू शकले नसते, याय. कुत्रं अंगावरचं सगळं चाटून पोटात घालतं. म्हाताऱ्या कुत्र्याचं काळीज आणि मूत्रपिंड आधीच थकलेलं असतं."

"गुरांची सुई असते ना लुतेची?" मी विचारलं. "आमच्याकडे एकजण देतो."

"गुरांच्या मापाची सुई या अंगात? अंदाजानं? नको, ता. आधी किडा कुठला ते बघू."

तिनं साम्लीच्या पाठीचं कातडं चिमटीत धरून हलकेच दाबलं आणि बोथट पात्यानं खरवडलं, बारीक रक्त दिसेपर्यंत. साम्लीनं फक्त एकदा लामूनकडे पाहिलं. "घे," ती सवयीनं म्हणाली, आणि पिम हसली. मग पिमनं खरवडलेलं काचेवर घेतलं, बारीक किडे दाखवणाऱ्या दुर्बिणीखाली ठेवलं आणि लामूनला म्हणाली, "या, बघा तुमचे पाहुणे."

लामूननं एक डोळा लावला. बराच वेळ काही दिसेना. मग एकदम मागे सरकली. "अगं बाई! शेवयांचे तुकडे! आणि पुढच्या बाजूला पाय, एवढेसे!"

"हे एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाणारे नव्हेत," पिम म्हणाली. "लूत दोन जातींची. एक लागते, एकाची दुसऱ्याला, माणसालाही खाज आणते. ही ती नाही. हे किडे पिल्लाला आईच्या कुशीतच मिळतात, आणि बहुतेक सगळ्या कुत्र्यांच्या अंगावर जन्मभर थोडे थोडे असतात, कुणाला त्रास न देता. तुम्हाला होणार नाहीत, विहारातल्या कुत्र्यांना होणार नाहीत. चटई जाळायची गरज नव्हती. बांधायची तर मुळीच नव्हती."

साम्लीच्या गळ्यावर दोराचा वळ होता, त्यावर लामूननं हात ठेवला.

"पण मग एवढे वाढले कसे?" मी विचारलं.

"तेच शोधायचंय. म्हाताऱ्या कुत्र्याला ही लूत उगाच होत नाही. आतली राखण ढिली पडली की हे माजतात. पाणी फार पितो? पोट असं कधीपासून? कातडी बघा, कागदासारखी झालीय." तिनं विचारलं, काय खातो, कुठलं औषध? लामून म्हणाली, भात, कोंबडीचं पाणी, मासा. औषध काही नाही.

ती खोटं बोलत नव्हती. पुडी हे औषध आहे असं तिच्या मनातच नव्हतं. मी मात्र तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या डोक्यात काहीतरी हललं होतं. पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हणजे मला घाम फुटतो, आणि वाटलं, आपण काहीतरी वेड्यासारखं बोलू.

पिम आता साम्लीकडे पाहतच नव्हती. ती लामूनच्या गोल चेहऱ्याकडे पाहत होती, मग तिच्या हातांवरच्या जांभळ्या डागांकडे. स्टूल ओढून ती तिच्या समोर बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "याय, तुमचे गुडघे कसे आहेत?"

"माझे? चांगले आहेत. पुडी घेते ना."

"पुडी आहे जवळ?"

लामूननं कमरेच्या बटव्यातून पुडी काढली. पिमनं ती तळहातावर ओतली आणि बोटानं गोळ्या बाजूला करत गेली. मग म्हणाली, "यातली याला कुठली देता?"

लामूननं गोळ्यांवर बोट ठेवलं.

"गुलाबी," लामून म्हणाली. "आणि एक पांढरी. त्याचेही पाय दुखतात, म्हणून."

"रोज?"

"रोज. दोन वर्षं."

"यात स्टिरॉइड असावं, याय. बहुतेक पुड्यांत असतं, आणि तुमच्या दोघांच्या अंगावर ते लिहिलेलं दिसतंय. त्यानं दुखणं दबतं, पण अंगाची राखणही झोपते. राखण झोपली आणि शेवया जाग्या झाल्या."

लामून साम्लीकडे पाहत राहिली. "म्हणजे मीच," ती म्हणाली. "मीच घातलं त्याच्या तोंडात. अर्धी माझी काढून."

"मी आणल्या त्या पुड्या," मी म्हणालो. "मी. वर चार जास्तही आणल्या." माझा आवाज फार मोठा निघाला असावा, कारण बाहेर कोंबड्या घेऊन बसलेल्या माणसानं आत डोकावून पाहिलं.

पिम म्हणाली, "दोघांनी प्रेमानंच केलंय. आता तेवढ्याच प्रेमानं, पण मोजून करायचं. जमेल?"

मग तिनं जे सांगितलं ते मी पंपाच्या वहीतल्यासारखं लिहून घेतलं. स्टिरॉइड एकदम तोडायचं नाही. शरीराला त्याची सवय झालेली असते, एकदम तोडलं तर साम्ली कोसळेल. त्याच जातीची, पण माप ठाऊक असलेली गोळी ती देईल आणि दर आठवड्याला कमी करत नेईल. किड्यांसाठी महिन्यातून एकदा चावून खायची गोळी, साम्लीला तराजूवर ठेवून त्याच्या वजनाची. कधी फेफरं आलंय का ते तिनं आधी दोनदा विचारलं, रक्त तपासलं. आठवड्यातून एकदा औषधी साबणाची अंघोळ: फेस दहा मिनिटं ठेवायचा, मग धुवायचं, कोरडं पुसायचं. पायाच्या दुखण्याची वेगळी गोळी, कुत्र्याची, पण ती पुडी पूर्ण सुटल्यावर. आणि दर महिन्याला पुन्हा खरवडून बघायचं. केस आले म्हणून थांबायचं नाही. महिन्याच्या अंतरानं सलग दोन वेळा काच कोरी निघाली की मगच.

"आणि याय, तुम्हीही," पिम म्हणाली. "तुमचं माझ्याकडे नाही. माणसांच्या दवाखान्यात जा. एकदम बंद करू नका, त्यांना पुडी दाखवा."

"आधी त्याचं होऊ दे," लामून म्हणाली. "मी पुडी सोडली तर शेगडीपाशी बसणार कशी?"

साम्ली त्याच दिवशी केळीवरून सुटला. लामूननं दोर चुलीत घातला. पहाटे ती शेगडी घेऊन निघाली आणि तो मागून, निम्मा उघडा, डुलत डुलत. मास्तरणीला तिनं लांबूनच ओरडून सांगितलं, "लागणारी लूत नाहीये! दुर्बिणीतून पाहिलंय मी! तुमच्या कुत्र्याच्याही अंगावर आहेत ते!" मास्तरणीला बरं वाटलं असेल असं नाही, पण हळूहळू लोक परत यायला लागले.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. पहिले दहा दिवस ठीक गेले. गोळी अर्धी झाली आणि साम्ली मलूल झाला, पाय दुखायला लागले. आणि पहाटे लामून बटव्यातून पुडी काढायची तेव्हा तो तिच्यासमोर येऊन बसायचा. ती पुडी फोडायची, त्या आवाजावर त्याचे कान उभे. ती गिळायची. तो वाट बघायचा. तिनं औषधाचा मुटका पुढे केला की तो जिभेनं फोडायचा, शोधायचा, आणि आत त्याची ती गुलाबी नाही हे कळलं की तोंड फिरवायचा. एकदा, दोनदा, तीन दिवस. मोजून दिलेली गोळी जमिनीवर पडून राहायची. पिमनं सांगितलं होतं, एकही दिवस चुकता कामा नये.

"लपून घ्या ना तुमची," मी म्हणालो. "घरात घ्या."

"घेतली. वास येतो त्याला. तोंडाशी येऊन हुंगतो आणि बघतो माझ्याकडे. ता, तेरा वर्षांत मी त्याला न देता काही खाल्लेलं नाही. त्याला वाटतंय, याय एकटी खाते आता."

त्या रात्री तिनं काय विचार केला मला माहीत नाही. सकाळी ती शेगडी न घेता माझ्या दारात उभी होती, बटवा हातात. "माणसांच्या दवाखान्यात चला."

तिथल्या डॉक्टरांनी तिलाही तसंच सांगितलं: एकदम नाही, मोजून, आठवड्याला थोडी कमी. साम्लीच्या आणि तिच्या गोळ्या आता एकाच पहाटे, एकाच मापानं घटत होत्या. ती आपली गोळी मुटक्यात घालायची, मुटका फोडून त्याला दाखवायची, खायची. मग त्याचा मुटका. तो तिचं तोंड हुंगायचा आणि खायचा. दोघांना त्या दिवसांत फार त्रास झाला. लामून तोंडानं कडवट झाली. तिनं मला एकदा "पुडीवाला" म्हटलं, सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी दोनाऐवजी तीन मुटके दिले.

बसणं मात्र तिला अशक्य झालं होतं. पाटावर बसली की उठवायला दोन माणसं. चिंचेखालची जागा चार दिवस रिकामी राहिली.

मला बोलता येत नाही, पण पंपाच्या कामात हात चालायचे. मी लामून उभी असताना तिच्या कोपराची उंची दोरीनं मोजली. ती म्हणाली, "शवपेटीचं माप घेताय की काय?" मी साथियनकडे गेलो. तो तेलाच्या डब्याच्या दिवसापासून आमच्या बाजूला फिरकला नव्हता. मी माप सांगितलं. तो उठला, एका मोडक्या गाडीच्या सांगाड्याचे नळ कापले, आणि संध्याकाळपर्यंत शेगडीसाठी चार पायांचा लोखंडी घोडा जोडून दिला, खाली कुत्र्याच्या उंचीची मोकळी जागा सोडून. मी त्याच्याजोगी उंच खुर्ची केली, पाय टेकवायला फळी लावली.

"बायका खुर्चीत बसून खाओ-ची भाजतात का कुठे?" लामून म्हणाली. मग बसली. पाय फळीवर ठेवले. गुडघे अर्धेच दुमडले गेले. पहिला मुटका निखाऱ्यावर ठेवला आणि थोड्या वेळानं म्हणाली, "साथियन, तुझी सरकी जरा उन्हात चमकतेय. टोपी घाल." साथियन इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

पहिल्या महिन्याच्या काचेवर किडे होते, पण बरेच मेलेले. दुसऱ्या महिन्यात एखाददुसरा. तोवर डोळ्यांभोवती मऊ लव आली होती, पण पांढरी नाही, लोण्यासारखी पिवळट. लामून रोज त्यावर बोट फिरवून बघायची. मी म्हटलं, आता झालं की! ती माझ्यावर डाफरली, "तुमच्या वहीत काय लिहिलंय? केस आले म्हणून थांबायचं नाही." तिसऱ्या महिन्यात काच कोरी. चौथ्यातही कोरी. पिमनं दुर्बिणीतून डोकं वर काढलं आणि म्हणाली, "पाहुणे बसले आपापल्या जागी." मग तिनं लामूनचा हात धरून उलटसुलट पाहिला. डाग पिवळे पडून विरत चालले होते. लामूनच्या गालांची जुनी हाडं पुन्हा दिसायला लागली होती. बाजारातल्या बायका आता म्हणतात, याय, वाळलात हो!

गुडघे दुखतात तिचे. ते जाणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले. साम्लीही लंगडतो, थंडीत जास्त. त्याची पायाची गोळी आता पिमकडून येते, लामूनची माणसांच्या दवाखान्यातून, आणि दोन्ही आणायला मीच जातो. बाजाराच्या गावचं ते दुकान वाटेतच लागतं. मी तिकडे बघत नाही.

मागच्या आठवड्यात मी पहाटे गेलो तेव्हा भिक्खू नुकते पुढे गेले होते. लामूननं पहिला तुटलेला मुटका फुंकून गार केला, अर्धा आपल्या तोंडात घातला आणि अर्धा लोखंडी घोड्याखाली वाकून साम्लीपुढे धरला. आत काही नव्हतं, नुसता भात. पुडी सुरू झाल्यापासून तो प्रत्येक मुटका जिभेनं फोडून आत काय आहे ते बघत असे. त्या दिवशी त्यानं फोडला नाही. तसाच उचलला, गिळला आणि तिच्या फळीवरच्या पायाला पाठ टेकून डोळे मिटले.

"पाहिलंत?" लामून म्हणाली.

"पाहिलं," मी म्हणालो.

"मग उभे काय राहिलात? बसा. दोनच ना?"